पावसाळी चराईपूर्वी वाढत्या वासरांचे संगोपन

रब्बीची सुगी आटोपून कडब्याच्या गंजी रचल्या गेल्या म्हणजे शेतकऱ्याचे लक्ष सहजच दुभत्या गायीम्हशींकडे व औताच्या बैलांकडे असते. गाय दूध देते, बैल मशागत करतो. तेव्हा घरात जी काही सकस वैरण व पेंड असेल ती त्यांच्या वाट्यास जाते. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची वासरे, म्हणजे गोऱ्हे, खोंड व कालवडी, आज काहीच उत्पन्न देत नाहीत. त्यांच्यापुढे गव्हाणीत उरलेली बुरखुंडे पडतात आणि दिवसा ती उघड्या गायरानात हिंडतात. माघ ते ज्येष्ठ हे चार-साडेचार महिने त्यांनी कसेबसे काढावेत आणि मृगाच्या सरी पडून गवत उगवले की आपोआप भरून यावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

ही समजूत अर्धीच खरी आहे. जे अर्धे खोटे आहे त्याचा भार शेतकऱ्यास एक-दोन वर्षांनी सोसावा लागतो. कालवड उशिरा माजावर येते, खोंड जुवास लागण्याइतका भरत नाही, आणि पहिल्या पावसात जी वासरे दगावतात ती बहुधा उन्हाळ्यात खंगलेलीच असतात. यास्तव उन्हाळ्यातील वासरांचे पोषण हा वर्षाच्या संपूर्ण जमाखर्चाचा प्रश्न आहे.

वाढीचा हिशेब

समजा, फेब्रुवारीच्या आरंभी १४० किलो वजनाचे एक वासरू दावणीला आहे. निव्वळ वाळलेल्या निकस वैरणीवर व उजाड रानातील भटकंतीवर त्याचे वजन रोज २०० ग्रॅमने घटत गेले, तर १५ जूनपर्यंतच्या १३५ दिवसांत ते २७ किलोने कमी होते. तेच वासरू माफक पण समतोल आहारावर ठेवल्यास रोज २५० ग्रॅमप्रमाणे सुमारे ३४ किलो वाढते. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर या दोन वासरांत ६१ किलोंचा फरक पडला. पावसाळी गवतावर रोज ४५० ग्रॅम वाढ धरली, तरी हे अंतर भरून काढण्यास जवळजवळ १३५ दिवस लागतात. अशा रीतीने वर्षातील हिरव्या चाऱ्याचा बहुतेक सारा हंगाम उन्हाळ्याचे कर्ज फेडण्यात खर्ची पडतो, आणि वासरू जेमतेम तेथेच येते जेथे ते आखाडापूर्वीच असावयास हवे होते.

उन्हाळ्यात अर्धपोटी राहिलेले जनावर हिरवा चारा मिळताच इतरांपेक्षा झपाट्याने भरते, हे खरे आहे. अनुभवी पशुपालकांस हे ठाऊक असते व शास्त्रीय प्रयोगांतही तसे आढळून आले आहे. परंतु या भरपाईस मर्यादा आहेत. वाढ काही काळ मंदावली असेल तर ती पुष्कळशी भरून येते. परंतु वजन सतत घटत गेले असेल, अथवा वासरू सहा महिन्यांच्या आतील असताना त्याची उपासमार झाली असेल, तर हाडांचा सांगाडाच खुजा राहतो व ती उणीव पुढे कितीही चारले तरी पूर्णपणे भरून निघत नाही. कालवडीचे माजावर येणे वयापेक्षा वजनावर अधिक अवलंबून असते. जातिवंत पूर्ण वाढलेल्या गायीच्या वजनाच्या शेकडा ५५ ते ६० इतके वजन झाल्यावरच ती साधारणपणे माजावर येते. दोन उन्हाळे वजन घटले की पहिले वेत सहजच वर्षभर लांबते. आणि त्या वर्षात तिने खाल्लेली वैरण, घेतलेली मेहनत व न मिळालेले दूध यांचा खर्च उन्हाळ्यातील पेंडीच्या किमतीहून पुष्कळच अधिक असतो.

खिलार जनावरांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध असलेल्या माणदेशात, डांगी गुरांच्या इगतपुरी-अकोले भागात, देवणी व लाल कंधारी जातींच्या लातूर-नांदेड भागांत किंवा गवळाऊ गुरांच्या वर्धा खोऱ्यात, सर्वत्र ही गोष्ट सारखीच लागू आहे. खरसुंडीच्या यात्रेत खोंडाची पारख करणारा शेतकरी त्याची उंची, छाती व हाडपेर पाहतो. ही छाती व हे हाडपेर दोन-तीन उन्हाळ्यांत घडते किंवा बिघडते.

शीत प्रदेशातील पशुपालकांचा धडा

ज्या देशांत हिवाळ्यात कुरणे बर्फाखाली जातात तेथेही हाच प्रश्न वेगळ्या ऋतूत उभा राहतो. ब्रिटन व अमेरिकेतील मांसोत्पादनासाठी गुरे पाळणारे शेतकरी शरद ऋतूत वासरे आईपासून तोडतात, हिवाळाभर ती वाळलेले गवत व मुरघास यांवर ठेवतात आणि वसंत ऋतूत कुरणात सोडतात. त्यांच्या दीर्घ अनुभवातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. हिवाळ्यात भरपूर धान्य चारून लठ्ठ केलेली वासरे कुरणावर गेल्यावर कमी वाढतात. म्हणून तो खर्च पुष्कळसा वाया जातो. उलटपक्षी, हिवाळ्यात खंगलेली वासरे गवतावर गेल्यावर आधी आजारी पडतात व उशिरा सावरतात. फायदा होतो तो माफक गतीने, परंतु अखंड वाढणाऱ्या वासरांपासून.

आपल्याकडे हिवाळ्याऐवजी उन्हाळा हा टंचाईचा काळ आहे, व वासरे औतासाठी वा दुधासाठी वाढविली जातात, एवढाच फरक. तत्त्व मात्र तेच: उन्हाळ्यात वासरू लठ्ठ करू नये आणि खंगूही देऊ नये. रोज २०० ते ३०० ग्रॅम वाढ हे ध्येय पुरेसे आहे, आणि ते घरच्या वैरणीला थोडी जोड दिल्यास साधण्यासारखे आहे.

वैरणीत काय कमी पडते

शेतकऱ्याच्या गंजीत वैरण असूनही वासरू का खंगते, हे समजून घेणे जरूर आहे. ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा यांत पोट भरण्याचा गुण आहे. परंतु प्रथिने शेकडा ३ ते ४ इतकीच असतात. जनावराच्या पहिल्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जंतू असतात व तेच वैरणीतील तंतू पचवितात. या जंतूंस स्वतःच्या वाढीसाठी प्रथिने लागतात. आहारात ती शेकडा ६-७ च्या खाली गेली की जंतूंची संख्या घटते, वैरण पोटात अधिक काळ पडून राहते आणि जनावर खातेही कमी. म्हणजे पेंडीची थोडीशी जोड वासरास पोसते, तशीच ती पोटातील वैरणही पचवून घेते.

दुसरी उणीव जीवनसत्त्व ‘अ’ ची. हिरव्या चाऱ्यातील पिवळ्या द्रव्यापासून हे जीवनसत्त्व जनावराच्या शरीरात तयार होते. उन्हात महिनोन्महिने वाळलेल्या वैरणीत ते द्रव्य जवळजवळ नष्ट झालेले असते. डोळ्यांतून पाणी गळणे, केस राठ होणे, वारंवार ढाळ लागणे व संध्याकाळनंतर वासराने दाव्याला, खुंटाला अडखळणे ही त्या उणिवेची चिन्हे होत. रोज दोन-चार किलो हिरवा चारा मिळाला तरी ही उणीव राहत नाही.

तिसरी उणीव खनिजांची. वासरू माती चाटते, चिंध्या, हाडे किंवा चामडे चघळते, तेव्हा त्यास खोड म्हणून मारू नये. बहुधा ते स्फुरदाच्या उणिवेचे लक्षण असते. अशी वासरे तार, खिळे व प्लास्टिकच्या पिशव्याही गिळतात आणि पुढे त्यांच्या पोटात विकार होतो. ऊस पिकणाऱ्या भागांत गळीत हंगामात वाढ्यांचा मुबलक उपयोग केला जातो. वाढ्यांत ऑक्झॅलिक आम्लाचे क्षार असतात व ते चुन्याचा अंश बांधून ठेवतात. त्यामुळे निव्वळ वाढ्यांवर राहिलेल्या वासरांची हाडे कमकुवत होतात. वाढे द्यावयाचेच तर त्यांची कुट्टी करून, इतर वैरणीत मिसळून व खनिज मिश्रणासह द्यावेत. वाढे हीच संपूर्ण वैरण करू नये.

एका वासराचा रोजचा आहार

वासरास त्याच्या वजनाच्या शेकडा २.५ ते ३ इतका शुष्क आहार लागतो. म्हणजे पाणी वगळता १४० किलोच्या वासरास सुमारे ३.५ ते ४.२ किलो. हा आहार पुढील दोनपैकी एका पद्धतीने बसविता येतो.

पहिली पद्धत, जेथे चांगला कडबा आहे तेथे: कडब्याची कुट्टी ३ किलो, हिरवा चारा ४ किलो, त्यात निम्मा लसूणघास, शेवरी यांसारखा द्विदल, भुईमुगाची पेंड ५०० ग्रॅम, खनिज मिश्रण २५ ग्रॅम, मीठ १५ ग्रॅम.

दुसरी पद्धत, जेथे गव्हाचे काड, सरमाड किंवा भाताचा पेंढा हीच वैरण आहे तेथे: युरियाची प्रक्रिया केलेली वैरण ३ किलो; हिरवा चारा ४ किलो; सरकीची पेंड ५०० ग्रॅम; खनिज मिश्रण व मीठ वरीलप्रमाणे.

वासरू लहान-मोठे असेल त्या मानाने वैरणीचे प्रमाण कमी-अधिक करावे. भुईमुगाचा वाळलेला पाला तसेच तूर, हरभरा, सोयाबीन यांचे भुसकट अथवा कुटार घरात असल्यास कडब्याचा काही भाग त्याने भरून काढावा. ही द्विदल वैरण एकदल वैरणीपेक्षा प्रथिनांच्या दृष्टीने सरस असते. पेंडीस बुरशी आली असेल तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी वासरास देऊ नये. बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील विष यकृतावर परिणाम करते, व कोवळ्या जनावरांस त्याची बाधा लवकर होते. आंबोण दोन वेळांत विभागून द्यावे.

वैरण नेहमी कुट्टी करून द्यावी. अख्ख्या कडब्याची पाने वासरे खातात व बुडखे पायांखाली तुडवितात. अशा रीतीने गंजीचा मोठा भाग उकिरड्यावर जातो. कुट्टीवर मिठाचे पाणी शिंपडल्यास ती अधिक आवडीने खाल्ली जाते.

वैरणीवर युरियाची प्रक्रिया

निकस वैरण सुधारण्याची ही सोपी रीत आहे. मात्र ती नेमकेपणाने करावयास हवी. १०० किलो वाळलेल्या काडासाठी ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात पूर्णपणे विरघळवावा. टणक, स्वच्छ जमिनीवर अथवा प्लास्टिकच्या कागदावर काडाचा पातळ थर पसरून त्यावर झारीने हे पाणी सारखे शिंपडावे, हलवून घ्यावे व पायांनी दाबावे. असे थरावर थर रचून सर्व ढीग प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद झाकावा व कडेने मातीने लिंपून घ्यावा. २१ दिवसांनंतर एका बाजूने उघडून रोज लागेल तेवढीच वैरण काढावी, तासभर उघडी पसरून तिचा उग्र वास जाऊ द्यावा व मग घालावी. या प्रक्रियेने वैरणीतील प्रथिनांचे मान शेकडा ७ च्या आसपास जाते व वैरण मऊ होऊन अधिक पचते.

याबाबत चार सावधगिऱ्या अवश्य पाळाव्यात. सहा महिन्यांखालील वासरांस ही वैरण देऊ नये. प्रारंभी थोडी देऊन आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावे. उपाशी जनावरापुढे एकदम टाकू नये. युरियाची गोणी व त्याचे पाणी जनावरांच्या तोंडाशी येईल असे कधीही ठेवू नये. युरियाचे पाणी प्यालेले जनावर थोड्याच वेळात फुगते, थरथरते व दगावू शकते. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यकास बोलवावे.

हिरव्या चाऱ्याची तरतूद

विहिरीस थोडेबहुत पाणी असेल तर एका वासरामागे एक ते दीड गुंठा संकरित नेपिअर गवत उन्हाळ्याचा हिरवा चारा पुरवू शकते. ‘फुले जयवंत’ हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण या कामी उपयुक्त आहे. बांधावर शेवरी, हादगा, शेवगा यांची ओळ लावल्यास पाला मिळतो. सुबाभळीचा पाला पौष्टिक असला तरी तो एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक देऊ नये. त्यातील मायमोसीन नावाच्या द्रव्याने केस गळणे आदी विकार होतात. पाण्याची अगदीच वाण असेल तेथे पावसाळ्यात अथवा हिवाळ्यात मक्याचा मुरघास करून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग होय. आफ्रिकन टॉल मका दाणे दुधाळ ते किंचित घट्ट होत असता कापून, कुट्टी करून, घट्ट दाबून हवाबंद केल्यास तो उन्हाळ्यात हिरव्या चाऱ्याची जागा घेतो.

डोंगर उतारावरील गवताविषयीही येथे सांगणे अवश्य आहे. पुष्कळ ठिकाणी ते कुसळे आल्यावर व पूर्ण वाळल्यावर कापले जाते. त्या वेळी त्यातील सत्त्व निघून गेलेले असते व कुसळे वासरांच्या तोंडात रुततात. तेच गवत फुलोऱ्याच्या सुमारास, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उघडीप पाहून कापून सावलीत वाळविल्यास उन्हाळ्यात वासरांची उत्तम वैरण होते.

वैरणीचा ताळेबंद

वैरण संपल्यावर वैरणीचा विचार करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. फेब्रुवारीतच हिशेब मांडावा. फेब्रुवारी ते १५ जून हे १३५ दिवस पूर्ण आहार, आणि त्यानंतर गवत हाताशी येईपर्यंतचे ३० दिवस निम्मा आहार, असे धरल्यास १४० किलोच्या एका वासरास कुट्टी अथवा प्रक्रिया केलेली वैरण ४५० किलो लागते. शेकडा १० नासाडी धरून ५०० किलो राखून ठेवावी. पेंड ७५ किलो, खनिज मिश्रण सुमारे ४ किलो, मीठ अडीच किलो व हिरवा चारा सुमारे ५४० किलो लागेल. गंजीतील दहा पेंढ्यांचे वजन करून सरासरी काढावी व एकंदर पेंढ्यांनी गुणावे, म्हणजे घरात किती वैरण आहे ते कळते.

हिशेबात तूट दिसली तर ती फेब्रुवारीत दिसणे बरे. त्या वेळी कडबा तुलनेने स्वस्त असतो. जादा किंवा निरुपयोगी जनावर विकावयाचे असेल तर ते अंगात असते व त्याचा भावही बरा येतो. मे महिन्यात कडबा महाग होतो व जनावर खंगते. तेव्हा दोन्हीकडून नुकसान होते. १९७२ च्या दुष्काळाचे व २०१३ आणि २०१९ मधील चारा छावण्यांचे स्मरण ज्यांना आहे त्यांस हे निराळे सांगावयास नको. छावणी जनावर जगविते. वाढविण्याचे काम घरच्या दावणीवरच व्हावे लागते.

ऊन, पाणी व निवारा

उन्हाच्या तडाख्यात जनावर खाणे कमी करते. म्हणून मुख्य वैरण पहाटे व रात्री द्यावी आणि दुपारी केवळ थोडा हिरवा चारा घालावा. सकाळी ९ नंतर व सायंकाळी ४ पूर्वी उघड्या रानात वासरे सोडू नयेत. उजाड गायरानात दिवसभर चालून वासरू जे मिळविते त्याहून अधिक चालण्यात खर्च करते. १४० किलोच्या वासरास उन्हाळ्यात सुमारे २० ते २५ लिटर पाणी लागते. ते दिवसातून निदान तीन-चार वेळा, सावलीत ठेवलेल्या स्वच्छ हौदातून मिळावे.

गोठा पूर्व-पश्चिम लांबीचा असावा. पत्र्याचे छप्पर असल्यास त्यावर पाचट अथवा कडब्याचा जाड थर अंथरावा, मात्र चुलीपासून व विजेच्या तारांपासून ते दूर असेल याची खात्री करून घ्यावी. लहान-मोठी वासरे एकाच गव्हाणीस बांधू नयेत. मोठी वासरे लहानांस हुसकून पेंड खातात व मग सर्वांस सारखे घालूनही एक भरते व दुसरे खंगते. गोठ्याच्या भेगा बुजवून घ्याव्यात; त्यांत गोचिडांची अंडी असतात, आणि संकरित वासरांस होणारा थायलेरिया रोग गोचिडांमुळेच पसरतो.

पावसापूर्वीची रोगप्रतिबंधक व्यवस्था

मे महिन्यात वासरांस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे. पोटात जंत असता घातलेली पेंड जंतांनाच पोसते. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी लसीकरण सुरू करावे. घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचलेल्या असणे अत्यावश्यक आहे. फऱ्या रोग विशेषतः सहा महिने ते दोन वर्षांच्या, अंगाने चांगल्या भरलेल्या वासरांसच गाठतो. तेव्हा उन्हाळाभर नीट पोसलेले वासरू लसीविना पावसाळ्यात नेणे म्हणजे केलेला सर्व खर्च धोक्यात घालणे आहे. लाळ्या-खुरकताची लस वर्षातून दोनदा द्यावी. २०२२ मध्ये महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर पसरलेल्या लम्पी त्वचारोगाची लसही वेळेवर टोचून घ्यावी. कालवडींस चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस एकदाच दिली जाते. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे. कोणती लस कोणत्या क्रमाने व किती अंतराने द्यावयाची ते पशुवैद्यकाने ठरवावे. तातडीच्या मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक उपलब्ध आहे.

कुरणाकडे जाताना

सर्वांत नाजूक काळ हा पहिल्या पावसानंतरच्या तीन-चार आठवड्यांचा होय. रान हिरवे दिसू लागताच वैरण बंद करण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्या कोवळ्या गवतात चार-पंचमांशांहून अधिक पाणी असते. वासरू दिवसभर खाऊनही अर्धपोटी राहते व त्यास ढाळ लागतात. शिवाय पोटातील जंतूंस वाळलेल्या वैरणीवरून हिरव्या चाऱ्यावर येण्यास दोन-तीन आठवडे लागतात. अंकुर फुटताच चराई झाल्याने गवताची मुळेही दुबळी होतात व पुढे कुरणाचे उत्पन्न घटते.

म्हणून गवत साधारण वीतभर वाढल्यावरच वासरे सोडावीत. सकाळी आधी थोडी कुट्टी खाऊ घालून, दव ओसरल्यावर, प्रारंभी तास-दोन तास चारावे व पंधरा दिवसांत वेळ वाढवीत न्यावी. दवाने भिजलेल्या गवतावर जंतांची पिले पात्यांच्या टोकांशी असतात, त्यामुळे उशिरा सोडल्याने दुहेरी लाभ होतो. पेंडीचे प्रमाण महिनाभर निम्म्यावर ठेवून मग बंद करावे. खनिज मिश्रण मात्र चालू ठेवावे. शक्य तेथे कुरणाचे तीन-चार भाग पाडून आलटून पालटून चारावे. भातखाचरांच्या व ओढ्याकाठच्या दलदलीत वासरे सोडू नयेत. तेथील गोगलगायींमुळे यकृतातील चपट्या कृमींचा उपद्रव होतो.

ज्वारीच्या कोवळ्या पिकात किंवा कापणीनंतर फुटलेल्या फुटव्यांत वासरू शिरू देऊ नये. पावसाने ताण दिलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइडचे प्राणघातक विष तयार होते व जनावर काही मिनिटांत पडते. भुकेले वासरू अशा पिकाकडे आधी धावते. पोट भरलेल्या वासरास आवरणे सोपे जाते.

फितीने माप व कार्यकर्त्यांचे कर्तव्य

वासरू वाढते आहे की घटते आहे हे डोळ्यांनी नेहमी कळत नाही, कारण रोज पाहणाऱ्यास फरक जाणवत नाही. यासाठी साधी शिवणकामाची फीत पुरेशी आहे. वशिंडाच्या मागून व पुढील पायांच्या लगत छातीचा घेर मोजावा. खांद्याच्या पुढील टोकापासून शेपटीच्या मुळाजवळील हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन घेर गुणिले घेर गुणिले लांबी करावे व येणाऱ्या संख्येस १०,८४० ने भागावे. उत्तर किलोमध्ये अंदाजी वजन होय. उदाहरणार्थ, घेर १२० व लांबी १०५ सेंटिमीटर असल्यास वजन सुमारे १४० किलो भरते. दर महिन्यास एकाच दिवशी, सकाळी चारा-पाण्यापूर्वी माप घ्यावे. घेर वाढलेला नसेल तर आहारात उणीव आहे अथवा पोटात जंत आहेत, असे समजून त्वरित उपाय करावा.

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या मापाचा प्रचारासाठी चांगला उपयोग करून घ्यावा. फेब्रुवारीत गावातील चार-पाच तयार शेतकरी निवडून त्यांच्या वासरांची मापे सर्वांसमक्ष घ्यावीत व वहीत नोंदवावीत. वैरणीवरील युरियाच्या प्रक्रियेचे एक प्रात्यक्षिक गावात करून दाखवावे व एकविसाव्या दिवशी तो ढीग लोकांसमक्षच उघडावा. प्रत्येक घरी वैरणीचा ताळेबंद मांडून द्यावा. मे महिन्यात जंताच्या औषधाचा व लसीकरणाचा दिवस पशुवैद्यकीय दवाखान्याशी ठरवून आठ दिवस आधी दवंडी द्यावी. जूनमध्ये त्याच वासरांची मापे पुन्हा सर्वांसमक्ष घ्यावीत व शेजारच्या, नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्या वासरांच्या मापांशी ताडून पाहावीत. वहीतील आकडे शेतकरी स्वतःच वाचतील व त्यांचा अर्थ त्यांस निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

ज्याच्या घरी सर्व वासरांस पुरेल इतकी पेंड नसेल त्याने ती आधी सर्वांत लहान व अशक्त वासरांस द्यावी, कारण त्यांचीच वाढ कायमची खुंटण्याची भीती अधिक असते. निदान कुट्टी, मीठ, खनिज मिश्रण, सावली व मुबलक पाणी एवढे तरी प्रत्येक वासरास मिळावे. पावसाळ्याच्या तोंडावर वासराच्या फासळ्या मोजता येऊ नयेत, केसांवर तुकतुकी असावी व ते स्वतःच्या पायांनी उड्या मारीत कुरणाकडे जावे. तेवढे साधले म्हणजे पुढील चार महिन्यांच्या हिरव्या चाऱ्याचा पुरता मोबदला शेतकऱ्याच्या पदरी पडेल.